कोंडवाड्यातला मोबाईल

औंढ्याचे अंबाजीआबा समोरून पाहिले तर कुणाच्या लक्षात राहत नाहीत. उंची बेताची, मिशा बेताच्या, टोपी एके काळची पांढरी. पण पाठमोरे दिसले की अर्धा मावळ त्यांना ओळखतो. कमरेला मागच्या बाजूला लाकडी आकडी आणि आकडीत अडकवलेला कोयता. आबा चालू लागले की तो कोयता इकडून तिकडे असा ऐटीत हलतो की बैलाच्या शेपटीची आठवण व्हावी. आकडी बांधणारी पिढी आमच्याकडे आता संपत आली. आबा मात्र सकाळी तोंड धुण्याआधी आकडी बांधतात. लोणावळ्यात बँकेत जाताना बाकीचे शर्ट बदलतात, आबा कोयत्याला धार लावतात. तिथला राखणदार दुनळी बंदूक मांडीवर घेऊन बसलेला असतो. तो दर वेळी त्यांना कोयता दाराशी ठेवायला सांगतो आणि आबा दर वेळी त्याला विचारतात, की बाबा, मग तुझं ते कुठं ठेवतोस?

अशा या माणसाच्या डोक्यावर त्याच कोयत्यापायी सात वर्षांची कैद येऊन बसली. सहा नाही, साडेसहा नाही. सात, आणि तीही कमीत कमी.

झालं असं. लावणीचे दिवस होते. शनिवार-रविवारी भुशी धरणाच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागली की मागचे लोक वैतागतात आणि वाट फुटेल तिकडे वळतात. त्यातली एक गाडी औंढ्याला वळली आणि आबांच्या भातखाचराशी थांबली. चार पोरं उतरली. लावणीआधी भाताची रोपं एका वाफ्यात दाट वाढवलेली असतात. शहरातल्या माणसाला ते हिरवं लॉन वाटतं. घरच्या माणसाला ते वर्षाचं जेवण दिसतं. पोरांनी गाडीतलं गाणं मोठं केलं, मोबाईल बांधावर टेकवला आणि त्या जेवणावर नाचायला सुरुवात केली.

आबा डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन बांधामागून आले. ओरडले नाहीत. शिवी तर नाहीच दिली. त्यांनी बांधावरचा मोबाईल उचलला, ज्याचा होता तो पोरगा धावत आला तेव्हा एवढंच म्हणाले, "आयबापाला घिऊन ये, मंग न्हे." आणि पाठ फिरवून घराकडे चालू लागले. पाठ फिरवली की मागे काय दिसतं ते मी वर सांगितलंच आहे.

आता शहरात याला काय म्हणतात ते आपण पुढे पाहणारच आहोत. पण औंढ्यात याला कोंडवाडा म्हणतात. दुसऱ्याचं ढोर आपल्या पिकात शिरलं तर त्याला मारायचं नाही. हाकत न्यायचं आणि कोंडवाड्यात घालायचं. मालक येतो, चार शब्द ऐकतो, दंड भरतो, ढोर नेतो. गावच्या कोंडवाड्याच्या भिंती कधीच पडल्या. त्यातले दगड कुणाकुणाच्या घराच्या जोत्याला गेले हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच बोलत नाही. पण आबांच्या डोक्यातला कोंडवाडा धडधाकट होता. त्यांनी कैलासला, म्हणजे तळेगावच्या कारखान्यात मशीन चालवणाऱ्या आपल्या मुलाला, हिशोब समजावून सांगितला: चार ढोरं पिकात शिरली. ढोरं मोठी, कोंडायला जागा नाही. म्हणून त्यांचं वासरू आणून बांधलं. वासरू इथं आहे म्हटल्यावर गाय येईलच.

कैलास घाबरला. मोबाईल आत्ताच्या आत्ता परत देऊ, म्हणाला. पण आबांचं लक्ष दुसरीकडे होतं. मोबाईल मधूनमधून केविलवाणा आवाज काढत होता. त्याची बॅटरी संपत आली होती.

"लाव त्याला तुझी ती वायर," आबा म्हणाले. "कोंडलेलं जनावर उपाशी ठिवायचं न्हाई."

कैलासने वायर लावली. वासराचं पोट भरलं आणि त्याने आपला ठावठिकाणा पोलिसांना कळवला. उपाशी ठेवलं असतं तर ते मुकाट पडून राहिलं असतं. दुसऱ्या दिवशी गाय आली ती पोलिसांच्या जीपमध्ये बसून.

तक्रारीत लिहिलं होतं, कोयत्याचा धाक दाखवून मोबाईल हिसकावला. जबरी चोरी, आणि ती करताना प्राणघातक हत्याराचा वापर. कलम तीनशे सत्त्याण्णव. या कलमाची एक खासियत आहे. बाकीच्या बहुतेक कलमांत शिक्षा 'इतक्या वर्षांपर्यंत' असते. म्हणजे न्यायाधीशाने माणूस बघावा, गुन्हा बघावा आणि त्या मापात काय ते द्यावं. या कलमात मात्र सातच्या खाली जायची सोय नाही. महामार्गावर ट्रक अडवून मान कापायला निघालेला असो की रोपं तुडवली म्हणून रागावलेला म्हातारा, शिक्षेचं दुकान सातपासून उघडतं.

आबांचा खटला मानसी वकिलीणबाईंनी घेतला. मानसी मळवलीजवळच्या भाजे गावची. तिचे वडील निवृत्तीभाऊ रेल्वेतून निवृत्त झाले आणि आलेल्या पैशातून त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे घराच्या दर्शनी भिंतीवर संविधानाची उद्देशिका संगमरवरात कोरून घेतली. गिलावा नंतर. मानसी ती भिंत वाचतच मोठी झाली. तिच्याशी बोलताना जपून बोलावं लागतं. एकाच्या ताटात पापड मोठा आणि दुसऱ्याच्या ताटात लहान पडला तर तिला संविधानातलं समानतेचं चौदावं कलम आठवतं. पण आबांना पोलीस कोठडीतून जामिनावर बाहेर काढलं ते तिनेच, आणि आबांच्या घरी पहिल्यांदा खरं काय ते सांगितलं तेही तिनेच. ओसरीवर बसून, चहा समोर ठेवून, ती म्हणाली की मोबाईल घेतला हे नाकारता येणार नाही. थोड्या वेळापुरता घेतला तरी कायद्यात ती चोरी ठरू शकते. पण त्या वेळी कोयता अंगावर होता हे सरकारला सिद्ध करता आलं नाही, तर सात वर्षं सुटतात. मग शिक्षा झाली तरी न्यायाधीशांच्या हातात राहते. कोयता सुटला की सात सुटले.

आबांनी नकळत हात मागे नेऊन कोयता आहे ना ते चाचपलं. आकडी रिकामी होती, कोयता पोलिसांनी केव्हाच नेला होता.

मग तारखा सुरू झाल्या. औंढ्याहून लोणावळा, लोणावळ्याहून लोकलने पुण्याला शिवाजीनगर, कोर्टाच्या व्हरांड्यात बाक, आणि दुपारी पुढची तारीख. मधल्या काळात देशाचा फौजदारी कायदाच बदलला. जुन्या कायद्याचं नाव गेलं, नवं आलं, तीनशे सत्त्याण्णवचं तीनशे अकरा झालं. आबांना वाटलं, चला, सुटलो. मानसीने सांगितलं की त्यांचा खटला जुन्याच कायद्याने चालणार, आणि नव्यातही नाव बदललं, नंबर बदलला, सात मात्र सातच आहेत.

या काळात आबांनी एक चाळा लावून घेतला. प्रत्येक तारखेच्या आधी ते कैलासला शेतावर न्यायचे आणि दाखवायचे. हा बांध इथं फुटतो. इथलं पाणी शेजाऱ्याकडे वळू द्यायचं नाही, पण अगदीच अडवायचंही नाही. हा आंबा एक वर्षाआड धरतो, त्याला शिव्या द्यायच्या नाहीत. कैलास पहिल्यांदा हसला. नंतर त्याच्या लक्षात आलं की आबा शेत दाखवत नाहीत, हवाली करतायत. मग तो नाना कारणं काढून टाळायला लागला आणि आबा आंब्याखाली एकटेच उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला बांध दाखवायला लागले.

साक्षीपुरावा मात्र अपेक्षेपेक्षा बरा गेला. चार पोरांपैकी एकाने सांगितलं की कोयता उगारला होता. दुसऱ्याने सांगितलं, उगारला नव्हता पण हातात होता. तिसऱ्याला कमरेला काहीतरी चमकल्यासारखं वाटलं होतं आणि चौथा नाचत असल्यामुळे त्याला काहीच दिसलं नव्हतं. पोलिसांनी घरातून एक कोयता जप्त केला होता. पण औंढ्यात ज्या घरात कोयता नाही ते घर बंगला तरी असतं किंवा हॉटेल तरी. मानसीचा चेहरा जरा सैल झाला. आता फक्त एक साक्षीदार तिला हवा होता: मोबाईल लपवला नव्हता, परत द्यायलाच ठेवला होता, त्याला चार्जिंगसुद्धा लावलं होतं, हे सांगणारा. कैलास वायर लावून लगेच रात्रपाळीला निघून गेला होता, पुढे रात्रभर मोबाईल कुठे होता ते त्याने पाहिलं नव्हतं. उरल्या कस्तुराबाई. आबांच्या मंडळी.

कस्तुराबाईंचं वर्णन करायचं तर आबा जेवढे शब्द वाचवतात तेवढे त्या खर्च करतात, आणि त्यामुळे घराचा ताळेबंद बरोबर राहतो. नवऱ्याला घरात बोलायला त्यांना कुणाचा मुहूर्त लागत नाही, पण बाहेरच्याने आबांबद्दल वाकडा शब्द काढला तर त्याची धडगत नसते. मानसीने त्यांना बजावलं होतं, मावशी, विचारतील तेवढंच सांगायचं. कस्तुराबाई म्हणाल्या, मी कशाला जास्तीचं बोलू?

साक्ष सुरेख झाली. वासरू, वायर, कोंडवाडा, सगळं व्यवस्थित सांगितलं. वासराला वायर लावल्याचं ऐकून न्यायाधीशांनीही पेन थांबवून वर पाहिलं. मग सरकारी वकील उलटतपासाला उठले. मोठे गोड गृहस्थ. त्यांनी आधी पाऊसपाण्याची चौकशी केली. लावणीला माणसं मिळतात का विचारलं. मग सहज म्हणाले, म्हणजे बाई, बाकीची सगळी मंडळी चिखलात राबत होती आणि तुमचे मालक तेवढे शेतावर हात हलवत गेले होते?

आळीतले आम्ही काही जण सोबत आलो होतो. कैलास माझ्या शेजारी बसला होता. त्याने डोळे मिटून घेतले.

"हात हलवत?" कस्तुराबाईंनी पदर खोचला. "हात हलवत फिराया ते काय टुरिस्ट हाईत व्हय? आवो, लग्नाला हुबं ऱ्हायले तवाबी आकडी सोडली न्हवती त्यांनी. मामानं मागनं उपरणं टाकून झाकली, तवा मंगलाष्टकं झाली. कोयत्याबिगर आमचं मानूस घराभाईर पडत न्हाई. कुनालाबी इचारा."

कोर्टात हशा पिकला. शिपाईसुद्धा हसला. सरकारी वकील हसले नाहीत. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि खाली बसले. मानसी समोरच्या कागदाकडे बघत राहिली. कस्तुराबाई मात्र मैदान मारल्यासारख्या पिंजऱ्यातून उतरल्या. नवऱ्याची लाज राखली होती. त्यांनी आबांकडे पाहिलं. आबा त्यांच्याकडे बघून मिशीत हसत होते, कारण त्यांना लग्न आठवलं होतं.

परतीच्या लोकलमध्ये तळेगाव गेल्यावर कैलासने आईला हळूहळू सांगितलं. तिने काय केलं ते. देहूरोडपासून तो शब्द जुळवत होता. कस्तुराबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मग खिडकीबाहेर बघत बसल्या. कामशेत गेलं, मळवली गेलं. लोणावळा आलं. आबांनीच मग विषय काढला. म्हणाले, "खरं तेच बोलली की. उगं काय त्वांड पाडतीस."

त्या दिवसापासून कस्तुराबाई गप्प झाल्या. आमच्या सगळ्या आळीला त्याने धडकी भरली. त्यांचं बोलणं कुणी कधी फारसं मनावर घेत नसे, पण ते थांबल्यावर घड्याळ बंद पडल्यासारखं झालं. आबांनी मुद्दाम चहा सांडून पाहिला. त्यांनी तो मुकाट्याने पुसला. त्यानंतर आबांनाही खरी भीती वाटायला लागली.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी जे वाचलं त्यातलं आम्हाला 'दोषी' एवढं कळलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि मराठीत बोलले. म्हणाले, की तुमचं वय मी पाहतोय, तुम्ही काय केलंत तेही मला दिसतंय. माझ्या हातात असतं तर कोर्ट उठेपर्यंत बसवून तुम्हाला घरी पाठवलं असतं. पण कोयता लोकांना दिसला, त्याची भीती वाटली, तेवढ्याने कलम लागतं असं मला म्हणावं लागतंय. आणि कलम लागलं की सात वर्षांच्या खाली मला उतरता येत नाही. शिक्षेबद्दल काही सांगायचंय?

मानसी उठणार होती, पण आबाच बोलले. हात जोडून, फार हळू आवाजात.

"साहेब, कोंडवाड्यातबी म्हशीला येगळा दर असतो आन् शेळीला येगळा. समद्यांला म्हशीचा दर लावला तर शेळीवाल्यानं काय करावं?"

न्यायाधीशांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी चष्मा लावला आणि सात वर्षं लिहिली.

आबांना येरवड्याला नेलं. जाताना त्यांनी आकडी कमरेची सोडून कैलासकडे दिली. कोयता तर केव्हाच मुद्देमालात होता, पण रिकामी आकडी ते सगळे दिवस बांधतच होते. पाठमोरे गेले तेव्हा पहिल्यांदाच मला ते ओळखू आले नाहीत.

मानसीने हायकोर्टात दोन कागद टाकले. एक अपील: कोयता अंगावर असणं म्हणजे वापरणं नव्हे. आणि दुसरी याचिका: जे कलम न्यायाधीशाला माणसाकडे बघूच देत नाही, ते घटनेत बसत नाही. हे दुसरं ऐकून औंढ्यात दोन तट पडले. एकाचं म्हणणं, पोरगी हुशार आहे. दुसऱ्याचं म्हणणं, आपला म्हातारा सोडवायचा सोडून ही दिल्लीचा कायदा सोडवायला निघाली. कैलासने मानसीच्या घरी जाऊन, त्या संगमरवरी भिंतीखाली बसून, तिला हेच विचारलं. ती म्हणाली की नुसत्या अपिलात हरलो तर हायकोर्टसुद्धा सातच्या खाली उतरू शकत नाही. तिथले न्यायाधीशही त्याच दोरीने बांधलेले. म्हणून आबांना सोडवायला एक कागद आणि ती दोरी तपासायला दुसरा.

"आन् दोन्ही हरलो तर?" कैलासने विचारलं. यावर निवृत्तीभाऊ चहा आणायला आत गेले.

सुनावणीला आम्ही मुंबईला गेलो. सगळं इंग्रजीत. मानसीने नंतर सांगितलं त्यावरून कळलं ते असं. सरकारचे वकील म्हणाले, जरब बसावी म्हणूनच किमान शिक्षा असते. किती ठेवायची ते संसदेने ठरवायचं. प्रत्येक म्हाताऱ्याचा चेहरा बघत बसलो तर दरोडेखोरही उद्या म्हातारे होऊन येतील. यावर दोन्ही न्यायमूर्ती हसले. मग त्यांच्यातल्या एका न्यायमूर्तींनी तिला विचारलं, कोयता वापरलाच नाही असं ठरलं तर तुमचा माणूस सातातून सुटतोच. मग घटनेपर्यंत जायचं कशाला? मानसीने आधी अपील रेटलं. मग म्हशीचा आणि शेळीचा दर इंग्रजीत सांगितला. असमानांना एकाच मापाने मोजणं हीसुद्धा विषमताच, असा त्याचा अर्थ होता. ते सांगताना तिचा आवाज कापत होता. तो आम्हाला इंग्रजी न येताही कळला.

निकाल लागला नाही. दोन्ही कागद दाखल करून घेतले, सरकारला उत्तर द्यायला सांगितलं आणि तोपर्यंत आबांची शिक्षा स्थगित करून जामीन दिला. जामिनाला अटी होत्या. पोलीस ठाण्यात हजेरी, आणि कोणतंही हत्यार बाळगायचं नाही. मानसीने उठून विचारलं, की महाराज, शेतीचा कोयता हत्यारात धरायचा की अवजारात? न्यायमूर्ती म्हणाले, तेच तर आम्हाला ठरवायचंय; ठरेपर्यंत नको.

आबा घरी आले. मावळात असा शेतकरी आजवर झाला नसेल ज्याला हायकोर्टाने आकडी बांधायची बंदी केली. चालताना ते जरासे उजवीकडे झुकतात, जणू मागचं वजन गेल्यामुळे तोल गेलाय. फांदी आडवी आली की हात मागे जातो, रिकाम्या कमरेवर थांबतो आणि परत येतो. मग मागून कस्तुराबाई पुढे होतात. आकडी आता त्यांच्या कमरेला आहे, आणि तिच्यात नवा कोयता. लुगड्याच्या काष्ट्यावर ती फारच शोभते, पण ते म्हणायची आमच्यात कुणाची हिंमत नाही. त्या फांदी तोडतात, कोयता अडकवतात, आणि आबांच्या हातात तो एकदाही देत नाहीत. अजून त्या पहिल्यासारख्या बोलत नाहीत. पोस्टमन दिसला की दोघंही आत जातात. मुंबईहून काय येईल आणि कधी येईल ते कुणालाच माहीत नाही.

यंदा लावणीच्या दिवसांत मी त्यांच्या बांधावर बसलो होतो. एक गाडी येऊन थांबली. दार उघडलं, गाणं सुरू झालं. आबा उभे राहिले, आणि नुसतेच उभे राहिले. कस्तुराबाईंनी घाईघाईने कमरेची आकडी सोडली आणि कोयत्यासकट रोपांच्या जुडग्यांखाली सरकवली. मग एकट्याच पुढे गेल्या.

"बाबांनो, त्या रोपात पाय टाकू नगा," त्या म्हणाल्या. "लय म्हाग पडतं. आमास्नी."

पोरं चांगली होती. सॉरी मावशी म्हणाली, गाणं बंद केलं, रस्त्यावरच उभी राहिली. त्यातला एक जण हसत पुढे आला आणि हातातला मोबाईल त्याने दोघांसमोर धरला. मागे डोंगर येईल असा आमचा एक फोटो काढा ना, म्हणाला.

आबांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. कस्तुराबाईंनीही घेतले. पोरगा हात पुढे करून तसाच उभा राहिला. त्याला काहीच कळेना.

"आमी न्हाई त्याला हात लावत," आबा म्हणाले. "तितं बांधावर ठेव, बाबा. आन् तूच उचल."